कोपऱ्याच्या भिंतीवरची नोटीस

४ डिसेंबर १८८४ या तारखेचा, पुण्याहून लिहिलेला जोतीराव गोविंदराव फुले यांचा एक इंग्रजी अभिप्राय आज आपल्याला वाचता येतो. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन टिपणे काढली. सरकारने ती ठिकठिकाणचे अधिकारी आणि जाणती माणसे यांच्याकडे मतासाठी धाडली. अनेकांनी उत्तर दिले की हा धर्माचा, घरातला प्रश्न आहे, सरकारने त्यात पडू नये. फुल्यांनी मात्र दुसऱ्या टिपणावर लिहिताना तत्त्वचर्चा बाजूला ठेवली आणि पुण्यातल्या एका घरामागची विहीर सरकारपुढे उघडी केली. त्या मजकुराच्या मध्यावर एक वाक्य येते. छापील नोटिशी ब्राह्मण राहतात त्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवरील भिंतींना चिकटवल्या होत्या आणि त्यांची प्रत सोबत जोडली आहे, असा त्याचा आशय. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

हक्कांच्या जाहिरातीत धक्क्याचा वापर हा विषय निघाला की आपण दूरदेशीची उदाहरणे शोधतो. १७८८ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या समितीने ब्रूक्स या गुलामवाहू जहाजाचा नकाशा छापला. त्यात माणसे गोणींसारखी रचलेली दाखवली होती आणि तो पाहून चहा पिणाऱ्या घरांची झोप उडाली. तो नकाशा जहाजापासून दूर असलेल्या लोकांसाठी होता. फुल्यांची नोटीस जिथे प्रकार घडत होता त्याच आळीच्या कोपऱ्यावर लागली. मराठी मुलखातल्या अशा जाहिरातींमध्ये इतकी जुनी आणि करणाऱ्याच्याच लेखी कबुलीने सिद्ध होणारी दुसरी जाहिरात मला माहीत नाही.

अभिप्रायातली हकीकत अशी. फुल्यांचे स्नेही रावसाहेब सदाशिव बल्लाळ गोवंडे इनाम कमिशनमध्ये अधिकारी होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. ती चांगल्या घरची आणि वागणुकीने सरळ होती, हे फुले मुद्दाम नोंदवतात. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिच्यामागे लागून तिला फशी पाडले आणि तिला दिवस गेले. त्याच्या सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधे घेतली, ती लागू पडली नाहीत. नऊ महिने भरून मुलगा झाला. अब्रूच्या भीतीने तिने त्याला सुरीने मारले आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयावरून तिला पकडले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या हकिकतीत कोणाची नावे येतात ते पाहण्यासारखे आहे. काशीबाईचे नाव आहे. मित्राचे नाव हुद्द्यासकट आहे, म्हणजे सरकारला वाटल्यास खात्री करता यावी. शास्त्रीबुवा निनावी राहिला. खटल्यात उभी राहिली ती एकटी बाई. कायद्याला मूल मारणारा हात दिसत होता, तिला तिथवर नेणारे हात दिसत नव्हते. पुढे फुल्यांनी जे केले त्याची दिशा या फरकातून ठरली, असे मला वाटते.

आता फुल्यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या तारखेचा प्रश्न. लोकांच्या तोंडी आणि भाषणांमध्ये दोन साले फिरतात, १८५३ आणि १८६३. धनंजय कीरांसारखे चरित्रकार १८६३ देतात आणि मी तेच धरतो. अभिप्रायात महत्त्वाची गोष्ट आहे ती क्रमाची. खटला संपताच, खर्च झेपण्याजोगा नसतानाही, आपल्याला स्वतःच्या आवारात गरोदर विधवांसाठी हे घर काढावे लागले, असे फुले लिहितात. आधी खटला, मग घर आणि घराबरोबर नोटिशी. भिंतीवर कागद लागला तेव्हा काशीबाईचे प्रकरण आळीतल्या प्रत्येकाला माहीत होते. नोटिशीला कोणतेही भयंकर चित्र छापण्याची गरज नव्हती, ते चित्र वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच होते.

दुसरा घोटाळा दोन काशीबाईंचा. फुल्यांचे १८८७ सालचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात दत्तक मुलगा यशवंत याच्या जन्माचा उल्लेख येतो. त्याची आईही ब्राह्मण विधवा आणि तिचेही नाव काशीबाई. ती फुल्यांच्या घरी बाळंत झाली आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या हाताने नाळ कापली. हे साधारण १८७४ सालचे. कितीतरी लेखांत आणि नाटकांत या दोघींची एकच बाई करून टाकलेली आढळते. पण पहिलीला काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर हे घर उघडले, दुसरी त्याच घरात सुखरूप बाळंत झाली. दोघींना एकत्र केले की नोटिशीने काय साधले हेच पुसले जाते. पहिलीचे मूल विहिरीत गेले, दुसरीचे मूल डॉक्टर झाले आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची सेवा करत होते. त्या साथीतच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

नोटिशीतला मजकूर चरित्रग्रंथांतून आपल्यापर्यंत आला आहे. तपशिलाच्या शब्दांत फरक दिसतो, आशय सगळीकडे एक आहे. विधवांना उद्देशून सांगितले आहे की येथे या, गुप्तपणे आणि सुरक्षितपणे बाळंत व्हा, मूल बरोबर न्यायचे की येथे ठेवायचे हे तुमच्या मर्जीवर, ठेवलेत तर त्याचा सांभाळ येथे होईल. एवढेच. पाप, नरक, लाज, कुळाचे नाव यांतले काही नाही. मेलेल्या मुलाचा उल्लेख नाही.

मग यात धक्का कुठे होता? तो समजायला त्या काळची आळी डोळ्यांपुढे आणावी लागते. पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता, पण त्याच्या आधाराने लग्न करणाऱ्याला जात वाळीत टाकत असे. मराठा, माळी, कुणबी यांच्यात विधवेचा पाट लागत असे. ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत तिच्या वाट्याला केशवपन, एकवेळचे जेवण आणि स्वयंपाकघराचा कोपरा येई. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हे आयुष्यभर. या मुलींना दिवस जातात, गर्भ पाडले जातात, मुले मारली जातात, हे माहीत नसलेले घर त्या आळीत क्वचितच असेल. माहीत असणे आणि बोलणे यांच्यामध्ये मात्र भिंत होती, आणि फुल्यांनी कागद नेमका त्या भिंतीवर लावला. छापील अक्षरात, दिवसाउजेडी, तुमच्या घरातली विधवा गरोदर असू शकते हे गृहीत धरून. हे गृहीत धरणे हाच आघात होता.

त्यात आणखी एक बारकावा आहे, हा माझा तर्क म्हणून वाचावा. नोटीस विधवेशी बोलते. पण १८६३ च्या पुण्यात किती विधवांना वाचता येत होते? मुलींसाठी शाळा काढून फुल्यांना जेमतेम पंधरा वर्षे झाली होती आणि सोवळ्यातल्या विधवांपर्यंत अक्षर क्वचितच पोचले होते. कोपऱ्यावर थांबून वाचणारे होते बाप, भाऊ, दीर, सासरे आणि तो शास्त्रीबुवाही. म्हणजे मजकूर तिच्यासाठी, वाचक ते. त्यांना शिव्या न देता, त्यांचे नावही न घेता, त्यांच्यासमोर तिला सांगितले जात होते की तुला जायला एक जागा आहे. तिच्यापर्यंत ही बातमी कुजबुजीने जाणार, हे फुल्यांसारख्या पेठेत वाढलेल्या माणसाला ठाऊक असणारच.

जागेची निवडही विचारपूर्वक होती. अभिप्रायात कोणत्याही पेठेचे नाव नाही. पुण्याचा वाचक कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव अशी नावे मनात भरून घेईल, कागद मात्र ‘ब्राह्मण राहतात ते रस्ते’ एवढेच म्हणतो. नोटीस सगळ्या शहरात लावली असती तर ती एका जातीची बदनामी ठरली असती. ती फक्त ज्यांना गरज होती त्यांच्याच वाटेवर लागली. आणि ते घर काढणारा माणूस माळी होता. ब्राह्मण विधवेने शूद्राच्या आवारात जाऊन बाळंत व्हावे, तिथले पाणी प्यावे, तिथल्या बाईने तिची नाळ कापावी! त्या काळी बाळंतपणाच्या लाजेइतकीच ही विटाळाची गोष्ट जड होती. तरीही बायका आल्या.

किती आल्या? सुरुवातीपासून १८८४ पर्यंत ३५ गरोदर विधवा या घरात आल्या आणि बाळंत झाल्या, असे फुले सरकारला कळवतात. ३५ मुलांपैकी ५ जिवंत, ३० मेली. कारण ते देतात: गरोदरपण लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच इजा झाली असणार.

हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत आणि दर वेळी ३० पाशी थांबतो. आपल्या संस्थेचा अहवाल लिहिणारा कोणीही हा आकडा मागे ठेवण्याचा मोह सहज धरेल. फुल्यांनी तो सरकारी कागदावर लिहून दिला. कारणाबद्दल आजच्या वाचकाने थोडे सावध राहावे. औषधांचा परिणाम असणारच, पण आईचे दूध तुटलेली, वेळेआधी जन्मलेली मुले त्या काळी युरोपातल्या अनाथगृहांतही मोठ्या प्रमाणात मरत. फुल्यांचे निदान हा त्यांचा अंदाज आहे, आकडा मात्र मोजलेला आहे. १८६३ धरले तर २१ वर्षांत ३५, म्हणजे वर्षाला दोनही नाहीत. पुण्यात अशा बायका याहून कितीतरी जास्त असणार. म्हणून नोटीस फसली असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. ३५ बायकांपैकी एकीलाही विहिरीशी जावे लागले नाही आणि सेशन कोर्टात उभे राहावे लागले नाही.

धक्क्याबरोबर जायची जागाही सांगण्याची ही रीत एका कागदावर टेकलेली नाही. सावित्रीबाईंचे २९ ऑगस्ट १८६८ चे नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र समग्र वाङ्मयात छापले आहे. गावातल्या एका ब्राह्मण तरुणापासून एका महार मुलीला दिवस गेले होते, गावकरी दोघांची धिंड काढून त्यांना मारायला निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याची भीती घालून लोकांना मागे सारले आणि दोघांना पुण्याला जोतीरावांकडे धाडण्याची व्यवस्था केली. आधी धमकी कायद्याची, लगेच पत्ता पुण्याचा. भिंतीवरच्या नोटिशीतली रीत इथे प्रत्यक्ष वागण्यात दिसते.

ही गरज पुण्यापुरती नव्हती. पंढरपुरात १८७५ साली सबजज्ज लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाज यांच्या पुढाकाराने असेच बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. पंढरपूरच का, याचे उत्तर वाटेवर आहे. गरोदर विधवेला तीर्थयात्रेच्या निमित्ताने दूर नेऊन सोडण्याची रीत होती आणि तीर्थाच्या गावी टाकलेली अर्भके सापडत. तुकोबांची पालखी आजही लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. ज्ञानबा-तुकाराम म्हणत जाणाऱ्या गर्दीत अशी एखादी बाई पदर ओढून चालत असेल, हे लालशंकरांच्या घराच्या अस्तित्वावरूनच कळते.

सुरतेच्या विजयालक्ष्मीचा खटला १८८१ चा. ब्राह्मण विधवा, तोच गुन्हा, आधी फाशी, अपिलात काळे पाणी, पुढे शिक्षा पाच वर्षांवर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी बाईजातीवर तोंडसुख घेतले आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली पुण्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून त्यांना उत्तर दिले. फुल्यांनी पुढे आपल्या ‘सत्सार’ या प्रकाशनात ताराबाईंची बाजू घेतली. म्हणजे मलबारींच्या टिपणावर लिहिताना काशीबाईची वीस वर्षांपूर्वीची हकीकत त्यांना उगाच आठवली नव्हती. तोच खटला दुसऱ्या गावी पुन्हा उभा राहिला होता. विधवांचे केस काढण्यास न्हाव्यांना मनाई करावी, अशी सूचना त्यांनी त्या अभिप्रायात केली. सरकारने ती मानली नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत न्हाव्यांची सभा भरवली आणि हे काम आम्ही करणार नाही असे त्यांच्याकडूनच वदवले. धक्का पुन्हा त्या हातांना दिला गेला ज्यांत वस्तरा होता.

इथवरचे कागद वाचून मी जो निष्कर्ष काढतो तो आजच्या जाहिरातींना लावून पाहण्याजोगा आहे: धक्का ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना बसावा, आकडा खरा असावा आणि सोसणाऱ्या बाईला जायची जागा सांगितलेली असावी. २०१३ साली मुंबईच्या टॅपरूट या जाहिरात संस्थेने ‘सेव्ह अवर सिस्टर्स’ या उपक्रमासाठी देवींची चित्रे काढली. जुन्या कॅलेंडरांच्या धाटणीत लक्ष्मी, सरस्वती, दुर्गा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मारहाणीचे वळ, सुजलेले गाल, जखमा. चित्रे जगभर गाजली. त्यांवर छापलेला दावा होता की ६८ टक्क्यांहून अधिक भारतीय स्त्रिया घरगुती हिंसेला बळी पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. ३७ टक्के हा आकडाच झोप उडवणारा आहे. तो फुगवण्याने बाईचे काही भले होत नाही, उलट संशय घेणाऱ्याच्या हाती काठी मिळते. दुसरा आक्षेप स्त्रीचळवळीतून आला आणि तो मला पटतो: मार खाणारी बाई देवी आहे म्हणून मारू नये असे नाही, ती माणूस आहे म्हणून मारू नये. काशीबाईही देवी नव्हती. फुल्यांनी ३० मृत मुलांचा खरा आकडा लिहिला, तिला सज्जन म्हटले आणि तिच्या हातून खून झाला हेही लपवले नाही.

गर्भलिंगनिदानाविरुद्धची आपल्या गावागावांतली भित्तिचित्रे याहून जवळची. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी यावर कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरी राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती ती २०११ साली ८९४ झाली. मधल्या काळात भिंतींवर काय रंगवले गेले? सुरी, रक्त, गर्भातून ‘आई, मला मारू नकोस’ म्हणणारी बाळे. हा धक्का बसतो तो पुन्हा बाईलाच. निर्णय घेणारे सासरे, नवरा, यंत्र चालवणारा डॉक्टर या चित्रात कुठेच नसतात, काशीबाईच्या खटल्यात शास्त्रीबुवा नव्हता तसेच. शिवाय १९७१ च्या कायद्याने दिलेला वैद्यकीय गर्भपाताचा हक्क घेऊ पाहणारी बाईही त्या चित्राने गुन्हेगार ठरते. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गरोदर कार्यकर्त्या पाठवून डॉक्टरांना रंगेहाथ पकडायला सुरुवात केली, तेव्हा धक्का प्रथमच यंत्राच्या बाजूला लागला. मला ते भिंतीवरच्या सुरीपेक्षा फुल्यांच्या नोटिशीच्या अधिक जवळचे वाटते.

शेवटी आजच्या कारखान्यांच्या भिंतींकडे येतो. बारामती एमआयडीसीत आज वाहने, कापड, खाद्यपदार्थ बनवणारे कारखाने आहेत आणि बारामती-इंदापूरच्या खेड्यांतून हजारो बायका पाळीवर येतात. तिथल्या भिंतींवर काय असावे हे कायद्याने ठरवले आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे १९ वे कलम मालकाला दोन कागद ठळक जागी लावायला सांगते. एक, छळ करणाऱ्याला काय शिक्षा होते. दुसरा, अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश. म्हणजे एक जरब आणि एक पत्ता. १९४८ च्या कारखाने कायद्याचे १०८ वे कलम सांगत असे की कायद्याचा गोषवारा बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेतही लावला पाहिजे.

या भागातल्या कारखानदारांना आणि कामगार संघटनांना माझी विनंती आहे. पहिला कागद मोठा आणि दुसरा ऑफिसच्या फायलीत, असे होऊ देऊ नका. समितीतल्या बायकांची नावे, त्या कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी भेटतात, फोन कोणत्या नंबरवर लागतो, हे मराठीत आणि परप्रांतातून आलेल्यांसाठी हिंदीत, पाळी बदलताना जिथे थांबावे लागते त्या भिंतीवर लावा. आणि तो फोन उचलला जातो की नाही, हे लावणाऱ्याने स्वतः फोन करून पाहावे.